वरच्या वाड्याला पाणी किती वाजता आलं? उत्तर गोव्यातल्या एका गावाचं प्रकरण

हे प्रकरण उत्तर गोव्यातल्या एका गावाचं आहे. गावाचं, कार्यालयाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. सरकारकडची माहिती लोकांना सहज मिळावी यासाठी मी बरीच वर्षं काम करतो. या गावच्या पाणी समितीला तक्ते तयार करायला मी मदत केली, म्हणून बरंचसं जवळून पाहता आलं. माहिती खुली करायची म्हटलं की आपल्याकडे चर्चा थेट पोर्टल आणि ॲपवर जाते. इथे सगळं एका पाणीपुरवठ्याच्या नोंदवहीभोवती घडलं, आणि त्यातले निर्णय इतर गावांना उपयोगी पडतील असं मला मनापासून वाटतं.

पार्श्वभूमी

गावात तीन वाडे, म्हणजे तीन वस्त्या. खालचा वाडा शेताला लागून आहे, तिथल्या विहिरींना मे महिन्यातही पाणी असतं. मधला वाडा देवळाभोवती. वरचा वाडा सड्यावर: कातळ, काजूची झाडं आणि गेल्या काही वर्षांत उभी राहिलेली नवी घरं. गोव्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण सड्यावर तो टिकत नाही. मार्च संपत आला की वरच्या विहिरींचा तळ दिसायला लागतो आणि वरचा वाडा पूर्णपणे नळावर येतो.

उत्तर गोव्यातल्या नळांना चांदेल, अस्नोडा, पडोशे, दाबोस अशा शुद्धीकरण प्रकल्पांतून पाणी मिळतं. त्यातले चांदेल आणि अस्नोडा तिळारी धरणाच्या पाण्यावरही अवलंबून आहेत, त्यामुळे त्याच्या कालव्याला भगदाड पडलं की पेडणे-बार्देश तालुक्यांतल्या घरांना त्याची झळ लगेच बसते. या गावात रात्री पंपाने टाकीत पाणी चढवतात आणि सकाळी वॉल्वमन चावी सोडतो. टाकी मधल्या वाड्याच्या वर, पण वरच्या वाड्यातल्या शेवटच्या घरांच्या जवळजवळ पातळीला. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशन जाहीर झालं. ग्रामीण भागात प्रत्येक घरी नळ आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी, हे त्याचं उद्दिष्ट. ऑगस्ट २०२२ मध्ये गोवा ‘हर घर जल’ प्रमाणपत्र मिळवणारं देशातलं पहिलं राज्य ठरलं. मिशनचा डॅशबोर्ड कोणालाही बघता येतो: राज्य निवडा, जिल्हा निवडा, गावापर्यंत जाता येतं. सरकारी माहिती इतकी खोलवर आणि विनामूल्य उघडी असणं ही साधी गोष्ट नाही, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण तो डॅशबोर्ड मुख्यतः जोडण्या मोजतो. वरच्या वाड्यातल्या बाईला हवं असलेलं उत्तर, म्हणजे आज पाणी किती वाजता येणार आणि काल का आलं नाही, त्यात कुठेच नव्हतं.

अडचण

एका मे महिन्यात वरच्या वाड्याला दिवसाआड पाणी यायला लागलं. कधी पहाटे, कधी दुपारी, कधी फक्त नळातून हवेचा आवाज. टँकर सुरू झाले. मग गावात जे व्हायचं तेच झालं. वॉल्वमन खालच्या वाड्यातला, म्हणून तो आपल्या माणसांना आधी पाणी सोडतो. टँकर पंचाच्या, म्हणजे पंचायत सदस्याच्या, नातेवाइकांच्या दारात उभा राहतो. पाणीपुरवठ्याचं कार्यालय म्हणायचं, पुरवठा नियमित आहे. गावकरी म्हणायचे, थेंब नाही. रविवारच्या ग्रामसभेत यावर आरडाओरडा झाला, पण दोन्ही बाजूंपैकी कोणाच्याही हातात एक कागद नव्हता.

कागद होते, पण वेगवेगळ्या तीन ठिकाणी. टाकीवरच्या राखणदाराकडे पंपाची नोंदवही. वॉल्वमनच्या खिशात त्याची स्वतःची डायरी. आणि टँकरच्या प्रत्येक खेपेची पावती, जी महिन्याच्या शेवटी बिलासोबत कार्यालयात जायची. तिन्ही नोंदी सार्वजनिक पैशाच्या कामाच्या होत्या, पण त्या एकत्र ठेवून कधी कोणी पाहिल्याच नव्हत्या. कार्यालयाने सुद्धा नाही.

पुढे आलेले पर्याय

आमदारांकडे जावं, हा पहिला आणि सर्वात सोपा पर्याय. काहींनी ते केलंही, आणि चार-आठ दिवस पाणी बरं आलं. पण असा दिलासा फोन केलेल्या माणसापुरता असतो, आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा फोन करावा लागतो.

दुसरा पर्याय माहिती अधिकाराचा. गोव्याने स्वतःचा माहिती अधिकार कायदा १९९७ मध्येच केला होता. देशाचा कायदा त्यानंतर आठ वर्षांनी, २००५ मध्ये आला. त्यामुळे इथल्या जुन्या कार्यकर्त्यांना अर्ज करणं नवं नाही. गावातले एक निवृत्त शिक्षक, सगळे त्यांना मास्तर म्हणतात, अर्ज लिहायला तयारच होते.

तिसरा पर्याय काही तरुणांनी सुचवला: राष्ट्रीय खुल्या माहितीच्या पोर्टलवर हा विषय न्यावा. २०१२ च्या राष्ट्रीय माहिती देवाणघेवाण आणि उपलब्धता धोरणानुसार सरकारी खात्यांनी आपली माहिती संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात उघडी करायची आहे, आणि त्याच वर्षी ते पोर्टल सुरू झालं. पण तिथे माहिती चढते ती खात्याने नेमलेल्या अधिकाऱ्यामार्फत. नागरिक फार तर अमुक माहिती हवी अशी सूचना करू शकतो. समितीने सूचना करायला हरकत नाही असं ठरवलं, पण एका गावाच्या रोजच्या पाण्यासाठी तो रस्ता लांबचा होता.

चौथा पर्याय बराच वेळ कोणी बोललंच नाही. अंगणवाडीच्या ताई शेवटी म्हणाल्या, “आम्ही घरात रोज लिहितोच की, दूध किती आलं, गॅस कधी लावला. पाणी किती वाजता आलं तेही लिहू.” तेव्हा कोणी फारसं लक्ष दिलं नाही. पण या प्रकरणातली सगळ्यात कामाची सूचना तीच निघाली.

पहिला अर्ज आणि त्याचं उत्तर

मास्तरांनी मराठीत अर्ज केला. गोव्याच्या राजभाषा कायद्याने शासकीय कामात मराठीच्या वापराला जागा ठेवली आहे आणि कार्यालयानेही भाषेवर आक्षेप घेतला नाही. अडलं ते मजकुरावर. वरच्या वाड्याला पाणी कमी का येतं, खालच्या वाड्याला जास्त का, याला जबाबदार कोण, असे प्रश्न अर्जात होते. उत्तर आलं की कारणं देणं माहितीच्या व्याख्येत बसत नाही. सोबत नोंदवहीच्या पानांच्या झेरॉक्सचा गठ्ठा. निम्मी पानं वाचता येत नव्हती.

गावात संताप झाला. पण कायद्याने कार्यालय चुकलं नव्हतं, आणि हे समितीला समजावून सांगणं हे माझं तिथलं पहिलं काम होतं. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ साली एका प्रकरणात म्हटलं आहे की ‘का’ या प्रश्नाचं उत्तर देणं माहिती अधिकारात येत नाही. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की जी माहिती कार्यालयाकडे आहे तीच द्यायची असते, नसलेली माहिती गोळा करून किंवा नवा तक्ता बनवून देण्याचं बंधन नाही. वाडावार, दिवसवार तक्ता द्या, असा अर्ज केला असता तर तोही याच कारणाने परत आला असता.

पहिल्या अपिलाला जायचं का, यावर बरीच चर्चा झाली. तीस दिवसांच्या आत अपील करता आलं असतं, पुढे पणजीला राज्य माहिती आयोगापर्यंत जाता आलं असतं. पण मान्सून दाराशी आला होता. अपिलात जिंकलो तरी हाती पडणार काय? तीच अस्पष्ट पानं, जरा स्वच्छ झेरॉक्समध्ये. समितीने अपील सोडलं आणि कायद्यातला दुसरा हक्क वापरायचं ठरवलं: नोंदींची प्रत्यक्ष पाहणी. कलम २(जे) मध्ये कागदपत्रं पाहणं, त्यातून टिपणं काढणं, हेही माहितीच्या अधिकारात मोजलं आहे. लोक झेरॉक्स मागतात आणि हा हक्क विसरतात.

नोंदवहीत काय होतं

जाड पुठ्ठ्याची वही, स्केलने आखलेले रकाने. तारीख, पंप चालू, पंप बंद, टाकीची पातळी, शेरा. पहिल्या काही दिवसांत सगळं नीट, मग खाली खाली ‘सदर’, ‘सदर’, ‘सदर’, म्हणजे वरच्यासारखंच. पाणी पडून शाई फुटलेली. पण शेऱ्याच्या रकान्यात राखणदाराने प्रामाणिकपणे दोनच शब्द पुन्हा पुन्हा लिहिले होते: ‘लाईट नाही’. त्या दिवशी पंप किती वाजेपर्यंत बंद होता तेही बाजूला बारीक अक्षरात होतं. ही नोंद त्याला कोणी करायला सांगितली नव्हती. उद्या टाकी भरली नाही म्हणून आपल्यावर येऊ नये, एवढ्यासाठी तो लिहीत होता, आणि पुढे सगळा उलगडा त्या दोन शब्दांवरून झाला.

टँकरच्या पावत्या टाचणीने लावलेल्या. गाडी नंबर, चालकाची सही, वाड्याचं नाव, ज्याने पाणी उतरवून घेतलं त्याचं नाव आणि मोबाईल नंबर. टँकर किती लिटरचा, हे मात्र कुठेच नव्हतं. खेपा मोजता येत होत्या, पाणी मोजता येत नव्हतं. वॉल्वमनची डायरी तर सरकारी दप्तरात नव्हतीच, ती त्याची खाजगी वही. मास्तरांनी त्याच्या घरी जाऊन ती मागितली. तो म्हणाला, “मास्तर, वही घ्या. पण चावी किती वाजता फिरवली एवढंच मी लिहिलंय. पाणी कुठवर पोचलं ते मला टाकीजवळ उभा राहून कसं कळणार?”

नावं छापायची की नाही

पावत्यांचे फोटो हातात आल्यावर समितीतल्या काही तरुणांनी त्या जशाच्या तशा गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचं म्हटलं. एका घराच्या नावावर इतरांपेक्षा कितीतरी जास्त खेपा दिसत होत्या. घर पंचाच्या चुलत भावाचं. संशय होता, पुरावा मिळाला, आता लपवायचं कशाला?

मास्तर आणि अंगणवाडीच्या ताई त्या घरी जाऊन आल्या. त्या घराच्या पलीकडे रस्ता इतका अरुंद आहे की टँकर पुढे जाऊच शकत नाही. तो तिथे उभा राहायचा, पुढची सगळी घरं पाइप आणि पिंप घेऊन तिथून पाणी भरायची, आणि पावतीवर सही ज्याच्या दारात गाडी थांबली त्याची. नावासकट पावत्या बाहेर गेल्या असत्या तर त्या घराची गावभर नाचक्की झाली असती, आणि ती भरून काढायला कोणताही खुलासा पुरला नसता. शिवाय त्यात बायकांचे मोबाईल नंबर होते.

समितीने ठरवलं की घराचं नाव, नंबर, सही काहीही प्रसिद्ध करायचं नाही. खेप कोणत्या गल्लीच्या तोंडाला थांबली एवढंच लिहायचं. काहींना वाटलं की यामुळे गैरप्रकार झाकले जातील. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: पाणीपुरवठ्याची माहिती खुली करताना हिशेब यंत्रणेचा मागायचा असतो, घागर घेऊन उभ्या राहणाऱ्या माणसाचा नव्हे. सरकारी माहितीच्या वापरासाठी २०१७ मध्ये जो खुला परवाना निघाला, त्यानेही वैयक्तिक माहिती बाहेर ठेवली आहे. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने तर माहिती अधिकाराच्या कलम ८(१)(जे) ची भाषाच बदलली आणि वैयक्तिक माहितीची सूट आणखी रुंद केली. या बदलाला अनेक कार्यकर्त्यांचा विरोध आहे आणि तो मला रास्त वाटतो, कारण सार्वजनिक पैसा कोणाला मिळाला हेही त्याआड लपू शकतं. पण गावपातळीवर आपण स्वतःच नावं गाळून माहिती मागितली, तर ‘वैयक्तिक माहिती आहे’ हे कारण कार्यालयाला वापरताच येत नाही. इथे नेमकं तसंच झालं.

भिंतीवरची कॅलेंडरं

ताईंची सूचना आता कामी आली. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासण्याच्या किटचं प्रशिक्षण द्यायचं असतं, आणि गावची पाणी समिती असते, तिच्यात निम्म्या महिला असाव्यात असं मार्गदर्शक सूचनांत आहे. हे काम सुरू होण्याआधी इथे ती समिती कागदावरच होती. नवीन संघटना काढण्याऐवजी तिलाच जागं करायचं ठरलं होतं. हा निर्णय छोटा दिसतो, पण कार्यालयाला ज्या समितीशी बोलणं भागच आहे तिच्याच नावाने पत्र गेलं, त्यामुळे ‘तुम्ही कोण’ हा प्रश्न उठलाच नाही.

तिन्ही वाड्यांतल्या काही घरांत बायकांनी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत पाणी आल्याची आणि गेल्याची वेळ लिहायला सुरुवात केली. दुधाच्या हिशेबाखाली पाण्याची वेळ. पाणी आलंच नाही तर फुली. महिना संपल्यावर पानांचे फोटो काढले, एका तरुणीने ते एक्सेलमध्ये भरले. मग पंपाची नोंदवही, वॉल्वमनची डायरी आणि कॅलेंडरं तारखेप्रमाणे शेजारी शेजारी लावली.

चित्र स्वच्छ निघालं. वॉल्वमन चावी वेळेवर सोडत होता. खालच्या वाड्यात पाणी लगेच पोचत होतं. वरच्या वाड्यातल्या फुल्या मात्र बहुतेक त्याच तारखांना होत्या ज्यांच्या आदल्या रात्री शेऱ्यात ‘लाईट नाही’ होतं. वीज गेली की पंप बंद, टाकी अर्धीच भरते, पाण्याची पातळी खाली राहते आणि वरच्या घरांपर्यंत दाबच पोचत नाही. जे पाणी असतं ते उतारावरच्या घरांत आधी ओढलं जातं. त्यात खालच्या आणि मधल्या वाड्यातल्या काही घरांनी थेट नळाच्या लाइनला मोटर लावलेली, ती उरलासुरला दाबही खेचत होती. वॉल्वमनवर गावाने ठेवलेला आळ खोटा होता. पुढच्या ग्रामसभेत मास्तरांनी हे सगळ्यांसमोर, त्याचं नाव घेऊन सांगितलं. तक्ता भिंतीवर लावला होता. बोलायला कोणी उठलं नाही.

कार्यालयाशी बोलणी

यानंतरची बैठक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. समितीची मागणी दोन गोष्टींची होती: दर आठवड्याची नोंद लोकांसमोर यावी, आणि ती अर्ज न करता यावी. आधार माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ चा. त्यात प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायचे सतरा मुद्दे आहेत, आणि पोटकलम ४(२) सांगतं की लोकांना अर्ज करायची गरज कमीत कमी पडावी इतकी माहिती नियमितपणे आपणहून द्यावी. ४(४) मध्ये तर स्थानिक भाषेचा आणि त्या भागात परिणामकारक ठरेल अशा माध्यमाचा विचार करायला सांगितलं आहे. सूचनाफलक हेही कायद्याने मान्य केलेलं माध्यम आहे.

ज्युनियर इंजिनियर सुरुवातीलाच म्हणाले, “हा तक्ता बाहेर गेला की परवा पेपरात येईल, आणि वरून फोन मला येईल.” ही भीती खरी होती. माहिती खुली करण्याच्या कामात आपण कायदा दाखवतो, पण ती माहिती लिहिणाऱ्या शेवटच्या माणसाची भीती ऐकून घेत नाही, आणि मग ती माहिती सहा महिन्यांत बंद पडते. समितीने दोन गोष्टी पुढे केल्या. तक्त्यात ‘पाणी न आल्याचं कारण’ असा स्वतंत्र रकाना असेल आणि तो कार्यालयच भरेल. आणि तक्ता लावण्याच्या आदल्या दिवशी इंजिनियर तो पाहतील, चूक असेल तर दाखवतील, पण थांबवू शकणार नाहीत. दुसऱ्या मुद्द्यावर समितीतच मतभेद झाले. काहींना ती सेन्सॉरशिप वाटली. मला वाटतं, रोखण्याचा अधिकार नाही हे पत्रात स्पष्ट लिहिल्यामुळे ती तडजोड टिकली.

मग प्रश्न आला स्वरूपाचा. कार्यालयात तक्ता एक्सेलमध्येच बनायचा. तो छापून, सही-शिक्का मारून, पुन्हा स्कॅन करून पीडीएफ पाठवायची पद्धत होती. समितीने मूळ फाइलच मागितली. कोणी आकडे बदलले तर, ही हरकत होती. तोडगा साधा निघाला: सही-शिक्क्याचा कागद पंचायतीच्या फलकावर, तोच अधिकृत. एक्सेल फाइल समितीला, मोजमापासाठी. दोन्हींत फरक दिसला तर फलकावरचा कागद खरा. खुल्या माहितीबद्दल बोलताना संगणकाला वाचता येणारं स्वरूप हा मुद्दा अनेकांना तांत्रिक वाटतो, पण स्कॅन केलेल्या पानातून बेरीज करता येत नाही, आणि बेरीज केल्याशिवाय विजेचा आणि पाण्याचा संबंध या गावाला कधीच दिसला नसता.

ग्रामसभेचा ठराव झाला. पाणीपुरवठ्याच्या कार्यालयाला तो बंधनकारक नाही हे सगळ्यांना माहीत होतं. पण फलक पंचायतीचा आहे आणि पंचायत स्वतः माहिती अधिकाराखालचं सार्वजनिक कार्यालय आहे, त्यामुळे ठरावाने पंचायत सचिवांचं काम पक्कं झालं. टँकरच्या पावतीवर क्षमतेचा आकडा लिहायचा, हेही याच बैठकीत ठरलं.

निष्पत्ती

पहिला बदल पाण्यात झाला, आणि त्याला एक पैसाही लागला नाही. आदल्या रात्री वीज गेली असेल त्या दिवशी वरच्या वाड्याची चावी आधी सोडायची आणि खालच्या वाड्याची नंतर. खालच्या वाड्याने हे मान्य केलं कारण तक्ता त्यांनीही पाहिला होता आणि त्यांच्याकडे विहिरी होत्या. लाइनला लावलेल्या मोटरी काढायचं आवाहन सरपंचांनी केलं. काही निघाल्या, काही अजून आहेत. वरच्या वाड्याला रोज पाणी मिळू लागलं असं म्हणता येणार नाही, पण कोणत्या दिवशी येणार नाही हे आदल्या रात्री कळायला लागलं. ज्या घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं आहेत तिथे ही मोठी गोष्ट आहे. टँकर कधी मागवायचा ते ठरवता येतं.

इंजिनियरांना तक्त्याचा फायदा अनपेक्षित बाजूने झाला. वरच्या वाड्यासाठी उंचावर वेगळी टाकी आणि पंपाला जनरेटर, असा प्रस्ताव त्यांच्या कार्यालयातून आधीच गेला होता. आता त्याला तारखांसकट आधार जोडता आला. टाकी अजून झालेली नाही.

पावसाळ्यात तक्ता ढिला पडला. नळाला पाणी येतंय म्हटल्यावर कॅलेंडरवर लिहिणंही थांबलं. मग इंजिनियरांची बदली झाली आणि तक्ता पूर्ण बंद. नवे अधिकारी आले त्यांना हे काय आहे तेच माहीत नव्हतं, कारण सगळं बैठकीत ठरलं होतं आणि कार्यालयाच्या दप्तरात समितीच्या एका पत्राशिवाय काही नव्हतं. पुढच्या उन्हाळ्यात समितीने पुन्हा सुरुवात केली, त्यासाठी जुने फोटो आणि एक्सेल फाइल दाखवावी लागली. नव्या अधिकाऱ्यांनी ते चालू ठेवलं, हे त्यांचं मोठेपण.

आज मागे वळून पाहताना

पहिल्या अर्जाआधीच पाहणीचा अर्ज करायला हवा होता. कार्यालयात कोणती वही आहे, तिच्यात कोणते रकाने आहेत, हे पाहिल्याशिवाय काय मागायचं ते कळत नाही. कलम ४(१)(अ) प्रमाणे कार्यालयाने आपल्या नोंदींची सूची ठेवायची असते, ती सूची मागणं हा सर्वात चांगला पहिला अर्ज.

कार्यालयाशी झालेली समजूत लेखी आदेशात, वरिष्ठांच्या सहीने, उतरवून घ्यायला हवी होती. बदली होणार हे सगळ्यांना माहीत असतं. चांगला अधिकारी भेटला की आपण त्याच्या चांगुलपणावर विसंबतो, आणि तो गेला की कामही त्याच्याबरोबर जातं. या गावाने आता साप्ताहिक तक्ता कार्यालयाच्या कलम ४ च्या जाहीर माहितीतच समाविष्ट करावा अशी मागणी केली आहे. तसं झालं तर तो कोणाच्या मर्जीवर राहणार नाही, आणि बंद पडला तर अपील करता येईल.

वीज खात्याकडची माहिती मागायचं राहूनच गेलं. पंपाला वीज देणाऱ्या लाइनवर, म्हणजे फीडरवर, वीज कधी आणि किती वेळ गेली, याची नोंद त्यांच्या सबस्टेशनवर असते. ती मिळाली असती तर राखणदाराच्या ‘लाईट नाही’ला दुसरीकडून दुजोरा मिळाला असता आणि जनरेटरच्या प्रस्तावाला वजन आलं असतं. पाण्याची माहिती पाण्याच्याच खात्यात शोधायची, ही सवय सोडायला हवी.

आणि कॅलेंडरं पावसाळ्यात थांबवायला नको होती. फुली नसलेले महिनेही माहितीच असतात. पावसाळ्यातही वीज जाते, टाकी अर्धी राहते. तेव्हा वरच्या वाड्याला पाणी कसं पोचलं हे माहीत असतं तर मागणी कमी झाल्यामुळे पोचलं की दाबामुळे, हे ठरवता आलं असतं. नव्या टाकीची उंची ठरवताना इंजिनियर नेमकं हेच विचारत आहेत.

शेजारच्या एका गावाने आता हाच तक्ता मागितला आहे. त्यांना समितीने रकान्यांची कोरी फाइल, पाहणीच्या अर्जाचा मजकूर आणि ग्रामसभेच्या ठरावाची प्रत दिली. त्यांच्याकडे टाकी उंचावर आहे, वीज जाण्याचा त्रास कमी आहे, पण लाइन जुनी आणि गळकी आहे, म्हणून त्यांनी ‘गळती दिसली ती जागा’ आणि ‘दुरुस्तीची तारीख’ असे दोन रकाने वाढवले आहेत. पहिल्या महिन्याची कॅलेंडरं या आठवड्यात गोळा होतील.